घरची बोली आणि व्यवहाराची मराठी

भिवंडीतील अनेक मोमीन विणकर घराण्यांचे पूर्वज 1857 च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून आले. माग येथे रुजला, घरात उर्दू टिकली. येथील कोकणी मुसलमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच कोकणी बोली बोलत आले. मशिदीत दोघे एकाच सफेत उभे राहतात. पण बाजारात तोंड उघडताच एक 'इथला' आणि दुसरा 'बाहेरचा' ठरतो.

फरक थोडाच आहे. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून 'रात्रपाळी'ची 'रात्रपाली' होते. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'कापड आले' ऐवजी 'कापड आला' होते. एवढ्यावरून चार पिढ्या येथे राबलेल्या माणसाला पाहुणा समजणे हा अन्यायच आहे.

परंतु खरे नुकसान उच्चाराने होत नाही, न वाचल्याने होते. 1964 च्या कायद्याने मराठी राज्याची राजभाषा ठरली. सातबारा मराठीत, सरकारी नोटीस मराठीत. ती न वाचता सही करणारा कारखानदार मध्यस्थाच्या हाती सापडतो. उच्चार चुकला तर लोक हसतील. मुदत चुकली तर दंड भरावा लागेल.

2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तेव्हा उर्दू शाळेत जाणाऱ्या मुलाकडून रोज एक मराठी कागद मोठ्याने वाचून घ्या. अडेल तेथे कोकणी शेजाऱ्याला विचारा. घरची उर्दू सोडण्याची गरज नाही; सहीपूर्वी कागद स्वतः वाचता आला पाहिजे.