वराहखतातील नत्र : पिकाच्या मुळाशी की कूपनलिकेच्या पाण्यात?

2019 सालच्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 90 लाख वराह होते आणि त्यांपैकी जवळजवळ 21 लाख एकट्या आसामात होते. ईशान्येकडील राज्यांत घराच्या परसात दोन-तीन डुकरे पाळण्याची रीत जुनी आहे. त्यांची विष्ठा परसबागेत, भाजीच्या वाफ्यांत आणि मक्याच्या शेतात खत म्हणून जाते. या खताविषयी एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो, तो असा की ते शेणखताप्रमाणेच सावकाश लागू पडते आणि म्हणून कितीही व केव्हाही घातले तरी अपाय होत नाही.

गायीबैलांच्या शेणातील बराचसा नत्र अपचित तंतुमय पदार्थांत अडकलेला असतो. जिवाणू तो फोडतील तेव्हाच पिकाला मिळतो. वराह रवंथ करीत नाही, त्याचा आहार धान्यप्रधान असतो आणि शरीराला नको असलेल्या नत्राचा मोठा भाग मूत्रावाटे युरियाच्या रूपात बाहेर पडतो. युरियेज विकर त्याचे थोड्याच दिवसांत अमोनियमध्ये रूपांतर करते. म्हणूनच साठवणीतील पातळ वराहखतात एकूण नत्राचा निम्म्याहून अधिक, पुष्कळदा दोन-तृतीयांश भाग अमोनियम रूपात असतो आणि कर्ब-नत्र गुणोत्तर कमी असते. असे खत वागते ते शेणखतापेक्षा युरियाच्या पोत्यासारखे.

अमोनियमवर धन प्रभार असल्यामुळे चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. परंतु उष्ण व ओलसर जमिनीत नायट्रीकरण करणारे जिवाणू काही आठवड्यांतच त्याचे नायट्रेट बनवतात. नायट्रेटवर ऋण प्रभार असतो. मातीच्या बहुतेक कणांना ते चिकटत नाही आणि पाण्याबरोबर खाली जाते. ईशान्येतील बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत. आम्लतेमुळे नायट्रीकरण मंदावते हे खरे, पण थांबत नाही, आणि चुना दिलेल्या शेतात तर त्याला वेग येतो. चुना पिकाला हवाच. त्यासोबत खताची मात्रा आणि वेळ यांचा विचार नव्याने करावा लागतो, एवढेच.

हानी किती होऊ शकते, याचे एक साधे गणित मांडता येते. एक हेक्टर शेतातून वर्षभरात 300 मिलिमीटर पाणी मुळांच्या थराखाली झिरपले, तर ते 30 लाख लिटर होते. त्या पाण्याबरोबर केवळ 30 किलो नत्र गेला, तर प्रत्येक लिटरमागे 10 मिलिग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 44 मिलिग्रॅम नायट्रेट येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात 30 किलो नत्र म्हणजे 65 किलो युरिया; हे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. मर्यादेपलीकडील नायट्रेटमुळे बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

सर्व शेते सारखी धोक्याची नसतात. चिखलणी केलेल्या भातखाचरात पाणी खाली उतरणे मंद असते, प्राणवायूच्या अभावी नायट्रेटही कमी बनते. खरी चिंता आहे ती नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनींची, जिथे भूजल उथळ आहे, आणि उतारावरील मका-भाजीपाल्याच्या शेतांची. ईशान्येत मार्च ते मे या काळातही वळवाच्या जोरदार सरी पडतात. पेरणीआधी एकदमच घातलेले खत अशा सरींत सापडले, तर नायट्रेट तयार झालेले असते पण ते शोषणारी मुळे अजून नसतात.

या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजलेला एक देश म्हणजे डेन्मार्क. 1987 साली तेथे जलपर्यावरणाची पहिली कृती-योजना आली. पातळ खत साठवण्याची पुरेशी क्षमता, पिकाच्या वाढीच्या काळातच वापर, हिवाळ्यात नत्र पकडून ठेवणारी आच्छादन-पिके, आणि खतातील नत्र रासायनिक खताच्या हिशेबातून वजा करण्याची सक्ती, असे उपाय टप्प्याटप्प्याने झाले. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शेतांतून होणारी नत्राची झिरपण सुमारे निम्म्यावर आली. युरोपीय संघानेही 1991 च्या नायट्रेट निर्देशात पशुखतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा घातली. हे सर्व नियम इथे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. तेथील धोका पीक नसलेल्या हिवाळी पावसाचा आहे, इथला ऐन पीकवाढीच्या काळातील मुसळधार पावसाचा; म्हणजे इथे मुळे पाण्याच्या वाटेत असतात, फक्त नत्र त्यांच्या गतीने मिळायला हवा.

त्यासाठी खत दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे आणि पहिला हप्ता लहान ठेवावा. जोरदार पावसाचा अंदाज असता खत घालू नये. पृष्ठभागावर पसरलेल्या खतातून अमोनिया हवेत उडतो, म्हणून ते मातीत मिसळण्याचा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे, पण वाचलेला नत्र मातीत राहतो; तेव्हा मात्रा तितकी घटवली नाही तर हवेतील हानी पाण्यात वळवल्यासारखे होते. पेंढा किंवा भाताचा तूस मिसळून केलेले कंपोस्ट झिरपणीच्या दृष्टीने सुरक्षित असते. काही नत्र कुजताना उडून जातो, त्याची किंमत मोजावी लागते. मक्यानंतर जमीन पडीक न ठेवता तोरीया मोहरी घेतली, तर मागे उरलेल्या नायट्रेटचा काही भाग पुन्हा पिकात येतो.

या सर्वांहून अधिक दुर्लक्षित जागा म्हणजे गोठ्यामागचा ढीग. शेतात गेलेले खत निदान विस्तृत क्षेत्रावर पसरते. तळ कच्चा असलेल्या खड्ड्यातील मूत्र वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी मुरत राहते, आणि पुष्कळदा घरची कूपनलिका त्याच अंगणात असते. खड्ड्याला सिमेंटचा किंवा घट्ट चोपलेल्या चिकणमातीचा तळ द्यावा, पावसापासून छप्पर असावे आणि जागा पाण्याच्या स्रोतापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस निवडावी. ज्या घरात तान्हे बाळ आहे, तेथील पाण्याची नायट्रेट तपासणी पावसाळा संपताच करून घ्यावी.