पॉल रिव्हिअरचे घर

अमेरिकेतील बोस्टन शहरात इंग्रजी अमलातले एक लाकडी घर आहे. त्या जागी पूर्वी इन्क्रीज मॅदर या पाळकांचे घर होते. ते १६७६ च्या आगीत जळाले. सुमारे १६८० साली हे बांधले. १७७० ते १८०० ते पॉल रिव्हिअर या चांदीच्या कारागिराचे होते. इंग्रज फौज निघाल्याची खबर देण्यास १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावरून दौडला, तोच हा! पुढे तळमजल्यात मिठाईचे दुकान आले, चिरुटांचा कारखानाही आला. घर पाडतील म्हणून १९०२ साली त्याच्या पणतूने ते विकत घेतले. १९०८ पासून ते लोकांना खुले आहे.

मात्र दुरुस्तीत, ते १७०० च्या सुमाराचे दिसावे म्हणून, वरचा मजला काढून टाकला. रिव्हिअर राहत असताना तो मजला होता! मला तरी हे खटकते. मग जपले ते कोणाचे घर? शिक्षकांनी मुलांना हे विचारावे. उत्तराची घाई करू नये.