जमीन, जंगल आणि हक्क : नेपाळी व चिपेवा समाज

एखाद्या समाजाची आर्थिक स्थिती पाहताना आपण प्रथम उत्पन्न विचारतो. नेपाळमधील डोंगरी शेतकरी आणि अमेरिकेतील मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातील चिपेवा आदिवासी यांची तुलना करताना मात्र जमीन, जंगल व पाणी कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे.

नेपाळात सरासरी धारण क्षेत्र जेमतेम अर्धा हेक्टर. तरुण आखाती देशांत, मलेशियात मजुरीला जातात व त्यांच्या पैशावर अनेक घरे चालतात. परंतु १९५७ साली सरकारने ताब्यात घेतलेली जंगले १९९३ च्या वन कायद्याने गावच्या उपभोक्ता गटांकडे सांभाळण्यास आली. मालकी सरकारची, चारा, जळण, पालापाचोळा गटाचा.

चिपेवांचा देश श्रीमंत. तरीही १८८७ व १८८९ च्या कायद्यांनी त्यांच्या सामाईक जमिनीचे तुकडे पडले आणि बरेचसे परक्यांच्या हाती गेले. १८३७ च्या करारातील शिकार, मासेमारी व रानमेव्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. त्यात तळ्यातील जंगली भात मुख्य. हे आपल्या साळीहून निराळे गवत. एक जण नाव ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी लोंब्या वाकवून हलकेच झोडपतो. पाण्यात गळालेले बी पुढे उगवते.

१९६० च्या दशकापासून मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी दाणे कमी गळणारे वाण वापरात आणले. लागवड कॅलिफोर्नियापर्यंत पसरली आणि तळ्यातील भाताचा भाव पडला. (आम्ही विद्यापीठवाले वाणाचे कौतुक सांगतो, हा हिशेब सहसा सांगत नाही.) मिनेसोटात आता अशा भाताच्या पाकिटावर तो बांधलेल्या शेतात पिकवल्याचे छापणे कायद्याने बंधनकारक आहे.