ऊन लागलं की गोड बाधलं?

वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरच्यांनी नागपूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असताना कुणाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडली, भोवळ आली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. उपायही ठरलेलाच, रसवंतीतला थंड रस किंवा साखरेचं सरबत. पण हीच लक्षणं डंपिंग सिंड्रोमचीही असतात, आणि तसं असेल तर या उपायानं दुखणं वाढतं.

हा त्रास असा होतो: गॅस्ट्रिक बायपास या शस्त्रक्रियेनंतर जठराची साधारण 30 मिलीची पिशवी उरते आणि ती थेट लहान आतड्याला जोडलेली असते. अन्न थोडं थोडं पुढे सोडणारी झडप वाटेतून वगळली जाते. गोड एकदम आतड्यात उतरतं, तिथे रक्तातलं पाणी ओढून घेतं आणि दहा ते तीस मिनिटांत कळा, मळमळ, जुलाब, धडधड सुरू होते. दुसरा त्रास एक ते तीन तासांनी होतो. साखर झपाट्यानं रक्तात गेल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर घसरते, हात थरथरतात, काही सुचेनासं होतं. जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचा असा त्रास लंडनचे डॉक्टर आर्थर हर्ट्झ यांनी 1913 सालीच नोंदवला होता. पातळ गोड सर्वांत लवकर खाली उतरतं, म्हणून मला संत्रा बर्फीपेक्षा रसाच्या पेल्याची धास्ती अधिक वाटते. उसाच्या 100 मिली रसात दहा ते पंधरा ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या अख्ख्या लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम.

गूळ चालतो, असं अनेकजण म्हणतात. गूळही बहुतांशी साखरच आहे, आतड्याला फरक कळत नाही. ‘माझी स्लीव्ह झाली, बायपास नाही,’ हाही भरवसा पुरेसा नाही. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत झडप शाबूत राहते, तरी लहान झालेलं जठर लवकर रिकामं होतं आणि काहींना हा त्रास होतोच. त्रास झाला तर बरंच, त्याच्या भीतीनं गोड सुटेल, हे म्हणणं तर मला मुळीच पटत नाही. दुचाकी चालवताना साखर घसरली तर काय होईल, याचा विचार करावा.

मग साखर घसरलेल्याला गोड द्यायचंच नाही का? द्यायचं, पण मोजून. ग्लुकोमीटरवर आकडा 70 च्या खाली असेल तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज द्यावं आणि सावरल्यावर पनीर, अंडं असं प्रथिनांचं काही खायला द्यावं, नाहीतर साखर पुन्हा घसरते. खाल्ल्यावर लगेचच त्रास झाला असेल तर थोडा वेळ आडवं पडू द्यावं. अंग भाजत असेल, माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. एरवी जेवणानंतर अर्धा तास थांबून साधं पाणी घोट-घोट प्यावं. आणि त्रास वरचेवर होत असेल तर खाण्याची वेळ, पदार्थ आणि साखरेचा आकडा लिहून ठेवा व ती वही आपल्या सर्जनला दाखवा. यावर औषधं आहेत.