जोडीला आलेल्या रिकाम्या फाइली

प्रश्न : विठ्ठलवाडी स्टेशनजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. भाच्याने मॅकवरून लग्नाचे ४०० फोटो पेनड्राइव्हवर दिले. दुकानातल्या विंडोजवर मात्र ८०० फाइली दिसतात. निम्म्या ४ केबीच्या, नावाआधी टिंब आणि अधोरेषा असलेल्या, उघडतच नाहीत. व्हायरस आहे का? तारखाही बदलल्यात.
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : घाबरू नका, व्हायरस नाही. मॅक फाइलसोबत रंगखुणा, ती कुठून डाउनलोड केली अशी जादा माहिती सांभाळतो. पेनड्राइव्हच्या फॅट३२ किंवा एक्सफॅट मांडणीत या माहितीला जागा नसते. म्हणून मॅक ती जोडफाइलीत ठेवतो. या पद्धतीला ‘ॲपलडबल’ म्हणतात. त्यात फोटो नसतो. फाइली नावानुसार लावा, टिंब-अधोरेषावाल्या एकत्र येतील. त्या खुशाल पुसा. मूळ फोटो तेवढे जपा.

आता तारखा. विंडोजवर फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’ची तारीख कॉपीच्या दिवसाची पडते. फॅट३२ स्थानिक वेळ लिहितो, पण ती कुठल्या देशाची हे नोंदवत नाही. त्यामुळे कधीकधी बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसतो. कॅमेऱ्याने टिपलेली वेळ मात्र फोटोच्या पोटातच, ‘एक्झिफ’ नोंदीत असते. कॉपीने ती बदलत नाही. म्हणून अल्बम लावताना ‘डेट टेकन’ हा रकाना धरा.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. नाहीतर आकारासोबत ही नोंदही गळते.