परसातील कोंबड्या : नवशिक्यांसाठी एक पाठ

घराच्या मागील दारी दोन-चार कोंबड्या असणे ही आपल्या गोमंतकातील खेड्यापाड्यांत इतकी परिचित गोष्ट आहे की, तीत शिकण्यासारखे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. पहाटे खुराड्याचे दार उघडावे, मूठभर कणी टाकावी आणि तिन्हीसांजेला दार लावून घ्यावे, एवढ्यावर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पाहुणा आला म्हणजे कोंबडा, आजाऱ्याला अंडे आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी चार पैसे हे सारे त्याच परसातून निघत असे. गावठी अंड्याला व गावठी कोंबड्याला बाजारात आजही अधिक भाव मिळतो. असे असताना हौसेने कोंबड्या पाळू लागलेली अनेक घरे वर्षभरात हा नाद का सोडतात, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कारण बहुधा एकच असते. पक्षी मरतात. म्हणून प्रस्तुत पाठाचा विषय अधिक अंडी कशी मिळवावीत हा नसून, अंड्यातून बाहेर पडलेले पिलू जगवावे कसे, हा आहे. ते साधले की अंडी आपोआप मिळतात.

हिशेब कोठे चुकतो ?

गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ५० ते ७० अंडी देते. खुडूक झाल्यावर तिच्याखाली १० ते १२ अंडी बसविता येतात आणि २१ दिवसांनी पिले बाहेर येतात. उबवणीचे तीन आठवडे आणि त्यापुढे पिले सांभाळण्याचे दोन महिने ती अंडी देत नाही. म्हणजे एका उबवणीसाठी कोंबडीचे जवळजवळ तीन महिने खर्ची पडतात.

समजा, १२ अंड्यांतून १० पिले निघाली आणि दोन महिन्यांनी तीनच उरली. तर तीन महिन्यांच्या मोबदल्यात आपल्या हाती तीन पक्षी आले. तीच सात वाचली, तर तेवढ्याच काळात, त्याच कोंबडीकडून, दुपटीहून अधिक लाभ झाला. यासाठी महागडी जात आणावी लागत नाही. पिलांचा नाश होतो तो मुख्यत्वे तीन वाटांनी : गारठा व ओल, रात्रीचे शत्रू आणि राणीखेत रोग. या तीन वाटा बुजविणे हेच नवशिक्याचे पहिले कर्तव्य होय.

आरंभ केव्हा व कितीने करावा ?

मृगापासून हस्तापर्यंतचा काळ नव्या माणसाने टाळावा. पावसाळ्यात जमीन ओली राहते, खाद्याला बुरशी येते आणि पिलांना रक्ती हगवण जडते. दसरा-दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आरंभ करावा. आठ ते दहा पक्षी पुरेत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, परंतु त्या अंड्यांतून पिले निघत नाहीत, हे अनेकांस ठाऊक नसते.

जातीविषयी फार मोह धरू नये. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’, तर बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराजा’ हे पक्षी तयार केले. ते गावठीपेक्षा अधिक अंडी देतात व लवकर वाढतात. परंतु ते सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिढीत आई-बापांचे गुण तसेच उतरत नाहीत. त्यामुळे पिले पुनःपुन्हा विकत आणावी लागतात. शिवाय वनराजा व गिरिराजा हे अंगाने जड असल्याने कुत्रे-मुंगूस आले असता त्यांना चटकन उडून जाता येत नाही. सुधारित पक्षी आणले तरी दोन-तीन गावठी कोंबड्या आईपणासाठी अवश्य ठेवाव्यात.

मध्य प्रदेशातील झाबुआ-धार भागातील काळ्या मांसाचा ‘कडकनाथ’ आता सर्वत्र प्रसिद्ध आहे. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पक्षी उत्तम आहे. मात्र वाढविलेले पक्षी चढ्या दराने परत घेण्याचे आश्वासन देणाऱ्या योजनांपासून सावध असावे. अशा योजना कोसळून २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रातील शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आपली बाजारपेठ आपल्या गावात पाहावी.

खुराडे

दिवसा कोंबड्या मोकळ्या फिराव्यात. रात्री मात्र त्या बंद व सुरक्षित जागेत असाव्यात. गावठी पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यासाठी एक चौरस फूट जागा पुरते, सुधारित जड पक्ष्याला थोडी अधिक लागते. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबूच्या वा फळ्यांच्या तळाचे असावे. पाऊस आत येऊ नये इतके छप्पर पुढे काढावे, पण वारा खेळता ठेवावा. कोंदट खुराड्यात श्वसनाचे विकार बळावतात. बसण्यासाठी आडवी दांडी द्यावी.

आपल्याकडे मुंगूस, रानमांजर, कुत्रे, घुशी आणि साप हे कोंबड्यांचे वैरी होत. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला अडविते, सापाला अडवीत नाही; म्हणून अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकांची जाळी वापरू नये. फटींतून पिसवा व गोचिडी राहतात. त्या चुन्याने लिंपून घ्याव्यात. अंगणाच्या कोपऱ्यात कोरडी माती व चुलीतील राख घालून ठेवावी. कोंबड्या तीत लोळून अंगावरील उवा स्वतःच झाडतात.

पिलाचा पहिला महिना

पिलाच्या अंगावर पहिल्या आठवड्यांत केवळ लव असते. स्वतःच्या शरीराची ऊब राखणे त्यास जमत नाही. आई असेल तर ती पंखाखाली घेते. तरीही पहिले दोन-तीन आठवडे आई व पिले डालग्याखाली किंवा बंदिस्त जागेत ठेवावीत. आईमागे दवातून व ओल्या गवतातून हिंडणारी पिले गारठून, आणि उघड्यावरची पिले घार-कावळ्यांमुळे जातात.

विकत आणलेल्या पिलांना आई नसते. तेव्हा ऊब आपण द्यावयाची असते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करावी. पिलामागे दोन वॅट या हिशेबाने दिवा लावावा, म्हणजे ३० पिलांना ६० वॅटचा एक दिवा पुरतो. येथे एक दक्षता घ्यावी : हल्ली घरोघरी असलेले एलईडी दिवे प्रकाश देतात, ऊब देत नाहीत. पिलांसाठी तारेचा जुना दिवाच हवा.

उष्णतामापक यंत्र नसले तरी अडत नाही, पिलांकडे पाहावे. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजत आहे. दिवा खाली घ्यावा. दूर जाऊन चोची उघडून धापा टाकीत असतील तर उकडत आहे. दिवा वर घ्यावा. सर्वत्र सारखी पसरून खात-पीत असतील, तर सारे योग्य आहे.

खाली भाताच्या तुसाचा दोन इंचांचा कोरडा थर असावा आणि तो रोज हलवावा. ओला झालेला भाग तत्काळ काढून टाकावा. रक्ती हगवणीचे जंतू ओलीतच वाढतात. पाण्याची ताटली उथळ असावी व तीत खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत.

खाद्य

पहिले सहा आठवडे पिलांना बाजारात मिळणारे पिलांचे खाद्यच द्यावे. या वयात केवळ कणीवर वाढविलेले पिलू खुरटते, कारण तांदळात प्रथिने फार थोडी असतात. त्यानंतर पक्षी किडे, वाळवी, गवताचे कोंब आणि सांडलेले धान्य वेचून बरेचसे पोट भरतो. त्याला जोड म्हणून रोज ३० ते ४० ग्रॅम कणी, कोंडा व पेंड यांचे मिश्रण द्यावे. ते सायंकाळी द्यावे; त्या ओढीने सारे पक्षी वेळेवर खुराड्याकडे परततात आणि मोजणीही होते.

अंड्याच्या कवचासाठी कोंबडीला चुना लागतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. सुदैवाने आपल्याकडे तिसऱ्या व खुबे खाऊन झाल्यावर शिंपल्यांचे ढीग टाकले जातात. त्या धुऊन, वाळवून, बारीक कुटून एका वाटीत ठेवाव्यात. कोंबडी गरजेपुरते स्वतः खाते. मात्र खारवलेल्या सुक्या मासळीचे अवशेष घालू नयेत, अतिरिक्त मीठ पक्ष्याला विषासमान ठरते. बुरशी आलेली पेंड वा मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

राणीखेत अर्थात मानमोडी

आता मुख्य शत्रूकडे वळू. १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे या विषाणुजन्य रोगाची नोंद झाली. लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला आणि आपल्या देशात त्यास तेच नाव पडले. मराठी मुलखात त्यास ‘मानमोडी’ असेही म्हणतात, कारण रोगी पक्ष्याची मान पिळवटते. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, चोच उघडून घेतलेला श्वास, लोंबणारे पंख व लुळे पडलेले पाय ही त्याची लक्षणे. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला की काही दिवसांत खुराडे रिकामे होते. यावर औषध नाही. लसूण, हळद वा दुकानातील गोळ्या यांनी तो बरा होत नाही. लस हाच उपाय, आणि तीही रोग येण्यापूर्वी.

क्रम सोपा आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा अथवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-दोन-बी ही लस टोचून घ्यावी. ही शेवटची लस राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात सिद्ध झालेल्या वाणापासून बनते. ती लहान पिलांना देऊ नये. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावी, आणि पुढील मात्रांचा काळ पशुवैद्यकांना विचारून ठरवावा.

एक बाटली, सारा वाडा

लस स्वस्त असूनही घरोघरी का पोचत नाही ? याचे उत्तर बाटलीत आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती दोन ते आठ अंश सेल्सिअस थंडाव्यात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावण मिसळले की दोन तासांच्या आत संपवावी लागते. त्यानंतर ती निरुपयोगी होते. दहा कोंबड्यांच्या मालकाने एकट्याने बाटली उघडली तर उरलेल्या मात्रा वाया जातात. म्हणून तो उघडतच नाही. शेजारीही तसेच करतो आणि रोग दोघांच्याही दारी येतो.

यावर उपाय एकच : सबंध वाड्याने एक दिवस ठरवावा. महिला मंडळाने वा स्वयंसाहाय्य गटाने घरोघरच्या पक्ष्यांची मोजणी करावी, पंचायतीने दिवस जाहीर करावा, एकाने पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमधून लस आणावी. आदल्या रात्री पक्षी खुराड्यात कोंडलेले असतात, तेव्हा पहाटे दार उघडण्यापूर्वीच काम उरकावे. ज्याच्या घरी दोनच कोंबड्या आहेत, त्यासही वगळू नये. त्याच्या परसातील रोग कुंपण ओळखत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, परंतु ती स्पष्ट सांगितली पाहिजे. पक्षी मरू लागले की उरलेले घाईने बाजारात विकून टाकण्याची रीत आहे. गरिबाचे नुकसान टळावे, ही त्यामागची भावना समजण्याजोगी आहे. पण त्या टोपलीबरोबर रोग दुसऱ्या गावी जातो, आणि तिथेही गरिबाचेच खुराडे रिकामे होते. आजारी पक्षी विकू नये. मेलेला पक्षी ओढ्यात वा झुडपात टाकू नये. तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा व हात साबणाने धुवावेत. २००६ साली महाराष्ट्रातील नवापूर येथे देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून ही दक्षता माणसांसाठीही आवश्यक ठरली आहे. एकाच वेळी अनेक पक्षी दगावल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

शिक्षकांसाठी

प्राथमिक शाळेतील मुलांकडून एक साधी वही ठेवून घ्यावी. तीत किती अंडी बसविली, किती पिले निघाली, चार आठवड्यांनी किती उरली, आठ आठवड्यांनी किती उरली, आणि गेलेली कशाने गेली, असे पाच रकाने असावेत. वर्षअखेर वर्गातील सर्व वह्यांची बेरीज करावी. शेकडेवारीचे गणित मुले शिकतील, आणि आपल्या गावात पिले थंडीने अधिक जातात, मुंगसाने की मानमोडीने, हे पंचायतीस व पशुवैद्यकांस प्रथमच आकड्यांनिशी कळेल.

कोंबडी पाळण्यास मोठे भांडवल लागत नाही, जमीन लागत नाही, शिक्षणही फारसे लागत नाही. कोरडी जागा, रात्री लावलेले दार, वेळेवर दिलेला लसीचा थेंब आणि शेजाऱ्याशी असलेला सलोखा एवढ्यावर हा जोडधंदा उभा राहतो. येत्या दिवाळीनंतर ज्या घरी प्रथमच पिले येतील, त्यांनी अंड्यांची संख्या मोजण्यापूर्वी जगलेली पिले मोजावीत, एवढेच सांगणे आहे.