उलाळ गाडी आणि टायरवरचे आकडे
(तृतीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने टायर आणि ट्रेलर या विषयावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मोशीत राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. सकाळी कॉलेजला निघून पुणे-नाशिक रस्त्यावर उभे राहिले की चाकणच्या नव्या मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर, कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मांडववाल्यांचे जनरेटरचे गाडे डोळ्यांसमोरून जातात. १९९७ साली मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. शेते कमी झाली, बैलगाड्या शर्यतीपुरत्या उरल्या. पण मागे ओझे जोडून ओढण्याचे काम काही थांबले नाही.

हा लेख लिहिण्यास एक घरगुती कारण घडले. तीन वर्षांपूर्वी आषाढी वारीच्या दिवसांत माझे काका जीपच्या मागे दोन चाकांचा गाडा जोडून आळंदीकडे दिंडीसाठी पाणी नेत होते. गाड्यावर हजार लिटरची टाकी होती. उतारावर गाडा डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला. काकांनी घाबरून जोरात ब्रेक दाबला. गाडा आडवा फिरला, एक टायर फुटला आणि गाडा कलंडला. गाड्याच्या कडेला माझा चुलत भाऊ बसला होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो आता चालतो. पण कबड्डी सुटली ती सुटलीच.

त्या रात्री घरात दोनच मते होती. कोणी म्हणे ब्रेकने दगा दिला, कोणी म्हणे टायर खराब होता. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी काकांना एवढेच विचारले, "टाकी कुठं ठेवली हुती रं? पुढं का मागं?"

"मागं, दादा. पुढं मांडवाचं सामान हुतं."

"मग गाडी उलाळ झाली. दुसरं काय व्हायचं?"

उलाळ म्हणजे काय?

ज्या गाडीचे ओझे आखाच्या मागे जास्त असते ती उलाळ गाडी. अशा गाडीचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. याउलट ओझे फार पुढे भरले तर सारा भार बैलांच्या खांद्यावर येऊन खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान ओझे आखाच्या किंचित पुढे ठेवी आणि जू हाताने उचलून दाब अजमावी.

जीपमागच्या गाड्याचा नियम हाच आहे. जेथे जूं असे तेथे आता हूक आला आहे, एवढाच फरक. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर खालच्या दिशेने पडावा, म्हणजे गाडा सरळ रेषेत मागोमाग येतो. ओझे मागे गेले की हूक वर उचलला जातो, जीपच्या मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते, आणि गाड्याचे जड शेपूट लंबकासारखे झोके घेऊ लागते. वेग वाढला की झोका वाढतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तर आतले पाणी त्यात भर घालते. दुसऱ्या बाजूनेही अति नको. ट्रॅक्टरच्या दुचाकी ट्रॉलीत सारा माल पुढे रचला, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि पुढच्या चाकांना वळवण्याची शक्ती राहत नाही.

टायरवरचा मजकूर

आता फुटलेल्या टायरकडे वळू. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली घेतले. तो प्रचारात आणला १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. ओझे पेलते ती मुख्यतः आतली कोंडलेली हवा. रबर आणि दोऱ्यांचे थर त्या हवेला धरून ठेवतात.

काकांच्या गाड्याला मोटारीचे जुने टायर बसवले होते. त्यांच्या बाजूवर रोमन अक्षरांत लिहिलेले होते : १६५/८० आर १४ ८५ टी. आम्ही ते रोज पाहत होतो, वाचले मात्र कोणीच नव्हते. त्याचा अर्थ असा. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा रिमचा व्यास इंचांत. ८५ हा भारांक आणि 'टी' हे वेगाचे अक्षर.

भारांक म्हणजे किलो नव्हेत. तो तक्त्यातील क्रमांक आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. वेगाच्या अक्षरांत 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४०. शिवाय चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी खोल दिसली तरी रबराचे वय लपत नाही. बाजूला बारीक भेगा दिसू लागतात.

एक साधा हिशेब

एका टायरची शक्ती ५१५ किलो, म्हणून दोघांची १०३०. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. टाकी, लोखंडी सांगाडा आणि मांडवाचे सामान मिळून निदान अडीचशे किलो. एकूण साडेबाराशे. म्हणजे गाडा घरून निघतानाच टायरांच्या शक्तीबाहेर होता. त्यातून ५१५ हा आकडाही टायर नवा-धड असताना आणि हवा पुरी असतानाच खरा. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, उष्णता साठते आणि थर सुटू लागतात.

काकांची समजूत अशी होती की, आपण चाळीसच्या वेगाने चाललो आहोत, मग भीती कसली? वेगाचे अक्षर त्यांच्या बाजूने होते, आकडा नव्हता. दोन्ही मर्यादा एकदमच पाळाव्या लागतात.

वेगाची बाजू समृद्धी महामार्गाने महाराष्ट्राला दाखवली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मोटारींना १२० ची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर झिजलेल्या टायरांचा प्रश्न असा पुढे आला की, २०२३ मध्ये परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली.

ध्यानात ठेवण्याजोगे

गाडा जोडण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. जड वस्तू आखाच्या किंचित पुढे ठेवून घट्ट बांधावी. हुकाची खीळ बसली आहे ना हे हाताने पाहावे, आणि हूक सुटलाच तर गाडा मोकळा धावू नये म्हणून साखळी लावावी. हवा टायर थंड असताना मोजावी. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो बदलावा. मागे दिवे व लाल परावर्तक लावावेत. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा. गाडा हेलकावू लागला तर ब्रेकवर उभे राहू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. आणि गाड्यावर माणूस कधीही बसवू नये. हे शेवटचे पाळले असते तर आमच्या घरी नुसते पाणी सांडले असते.

भोसरीला १९६७ साली स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. तेथे टायरांची परीक्षा होते. चाकणला २०१३ पासून ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. टायर जेथे बनतो आणि जेथे तपासला जातो, त्या दोहोंच्या मधोमध एकाच रस्त्यावर आपली मोशी आहे. तरीही आमच्या घरात टायर वाचता येणारा कोणी नव्हता, आणि आजोबांना जे ठाऊक होते ते त्यांना विचारले नव्हते.

आपण वर्गात जुन्या पोथ्यांतील एकेका शब्दाचा अर्थ लावतो. दारात उभ्या असलेल्या चाकावरची एक ओळ वाचणे त्याहून अवघड नाही. काका आता गाडा जोडला की आजोबांना हाक मारतात. आजोबा काठी टेकत येतात आणि हुकावर हात ठेवून दाब बघतात. टायरवरचा आकडा वाचण्याचे काम माझ्या चुलत भावाने आपणहून घेतले आहे.